मार्चचं ऊन आणि गव्हाचा दाणा

२०२२ च्या मार्चअखेरीस पंजाब-हरियाणातला गहू रस्त्यावरून जाणाऱ्याला झकास दिसत होता. उंची नेहमीची, ओंब्या भरपूर, रंग थोडा लवकर सोनेरी झालेला. एप्रिलमध्ये कापणी सुरू झाली आणि हार्वेस्टरच्या टाकीतून ट्रॉलीत पडणारा माल हलका निघाला. दाणे संख्येला कमी नव्हते, पण बारीक आणि सुरकुतलेले होते. केंद्र सरकारने फेब्रुवारीत त्या हंगामासाठी ११ कोटी १३ लाख टनांचा अंदाज दिला होता. मे महिन्यात तोच अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर आला. १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. सरकारी खरेदीत चिमलेल्या आणि तुटक्या दाण्यांना एरवी ६ टक्क्यांपर्यंत सूट असते. त्या वर्षी पंजाब-हरियाणासाठी ती १८ टक्क्यांवर न्यावी लागली, कारण जुन्या निकषात बसेल असा मालच पुरेसा येत नव्हता.

त्या मार्चमध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१ अंश सेल्सिअस होतं. १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत उष्ण मार्च. पण ‘सर्वांत उष्ण’ म्हणजे किती? सर्वसाधारणपेक्षा १.८६ अंशांनी जास्त. माणसाला हा फरक जाणवतही नाही. आज ३१ आणि उद्या ३३ असेल, तर आपण पंख्याचा वेग वाढवतो आणि विसरून जातो. मग दोन अंशांनीसुद्धा कमी असलेल्या या फरकाने गव्हाचं एवढं काय बिघडलं? ‘ऊन लागलं, पीक करपलं’ हे उत्तर सोपं आहे, पण ते बरोबर नाही. बहुतेक शेतांत गहू करपला नव्हता. त्याने आपलं काम घाईत उरकून टाकलं होतं.

गव्हाचं कॅलेंडर वेगळं असतं

गव्हाच्या जाती आपण १०५ दिवसांची, ११५ दिवसांची अशा ओळखतो, पण झाड स्वतः दिवस मोजत नाही. ते ऊब मोजतं. रोजच्या सरासरी तापमानाची अंगात जणू बेरीज चालू असते, आणि ती ठरावीक आकड्याला पोचली की झाड पुढच्या अवस्थेत जातं. आधी मुकुटमुळं, मग फुटवे, मग कांडी, पोटरी, निसवण म्हणजे ओंबी बाहेर पडणं, फुलोरा, चीक. थंडीच्या दिवसात बेरजेत कमी भर पडते, म्हणून प्रत्येक अवस्था जास्त दिवस टिकते. उबदार दिवसांत बेरीज भराभर पूर्ण होते आणि प्रत्येक अवस्था आखूड होते.

गव्हाला थंडी मानवते ती यामुळे. डिसेंबर-जानेवारीत गारठा टिकला की फुटव्यांना वेळ मिळतो आणि ओंबीत दाण्यांच्या जागा जास्त तयार होतात. निफाडला हे दरवर्षी पाहायला मिळतं. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा चार-पाच अंशांवर आला की ती बातमी राज्यभर छापून येते. त्याच सकाळी द्राक्षवाला मणी तडकतील या धास्तीने बागेत शेकोट्या पेटवत असतो, आणि बांधापलीकडचा गहूवाला मनातून खूश असतो. एकच थंडी, दोन वेगळे हिशेब.

हवामानबदलाचा पहिला घाव इथे बसतो, आणि तो दिसत नाही. थंडी उशिरा येते, मध्येच ढगाळ होऊन उबदार रात्री येतात, फेब्रुवारीतच दुपारी चटका बसायला लागतो. पीक हिरवंगार असतं, पण फुटवे कमी आणि निसवण आठवडाभर लवकर. ‘यंदा गहू लवकर निसवला’ असं शेतकरी म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यात आनंदाचं काही नसतं.

दाणा भरतो कसा

फुलोऱ्यानंतरचे पाच-सहा आठवडे हा या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू.

फुलोरा झाल्यावर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत दाण्याच्या आत पेशी तयार होतात. म्हणजे दाणा किती मोठा होऊ शकतो, याची मर्यादा ठरते. या काळात ओंबीतला एक दाणा काढून बोटांत दाबला तर आधी पाण्यासारखा, मग दुधासारखा पांढरा चीक येतो. पुढे तो चीक घट्ट होत जातो, कणकेसारखा होतो, आणि शेवटी नख रुतेनासं होतं. चीक ते नख न रुतणं या प्रवासात पानांनी तयार केलेली साखर दाण्यात येते आणि तिचा स्टार्च होतो. गव्हाच्या दाण्याचं बहुतेक वजन या स्टार्चचंच असतं.

साखरेचा स्टार्च करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. त्यांतलं एक, स्टार्च सिंथेज, उष्णतेला फार नाजूक आहे. तापमान तिशीकडे सरकलं की ते मंदावतं. पान साखर पाठवत असतं, पण दाण्यात ती पुरेशा वेगाने साठत नाही. दुसऱ्या बाजूला ऊब मोजणारं झाडाचं घड्याळ जोरात पळत असतं. दाणे भरण्याच्या काळात सरासरी तापमान एका अंशाने वाढलं की तो काळ ढोबळमानाने तीन दिवसांनी आखूड होतो. उन्हात साखरेचा प्रवाह सुरुवातीला थोडा वेगवान होतो हे खरं, पण नळाला चाळीस मिनिटांऐवजी तीस मिनिटंच पाणी आलं तर धार थोडी मोठी असून काय उपयोग, पिंप काही भरत नाही.

आता हिशेब करून पाहू. चांगल्या बागायती शेतात एका चौरस मीटरला ३०० ओंब्या आणि ओंबीत ३५ दाणे धरले, तर १०,५०० दाणे झाले. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅम असेल तर एकरी उतारा साधारण १७ क्विंटल बसतो. ओंब्या तेवढ्याच, दाणे तेवढेच, पण हजार दाण्यांचं वजन ३५ ग्रॅम झालं तर उतारा १५ क्विंटलच्या खाली येतो. एकेका दाण्यामागे पाच मिलिग्रॅमची घट. डोळ्यांना दिसणार नाही, पण एकरी दोन क्विंटलहून जास्त गहू गेला. २०२५ च्या हंगामातला क्विंटलला २,४२५ रुपये हा हमीभाव धरला तर पाच हजारांवर रुपये.

पानांचीही एक बाजू आहे. ओंबीखालचं शेवटचं पान, ज्याला आपण ध्वजपान म्हणतो, ते दाण्याला साखर पुरवणारं मुख्य पान. कडक उन्हात ते वेळेआधी पिवळं पडतं. गंगेच्या मैदानातल्या गव्हाची नऊ वर्षांची उपग्रहचित्रं तपासून डेव्हिड लोबेल या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की ३४ अंशांवरचे दिवस वाढले की गव्हाचं म्हातारपण लवकर येतं, आणि तेव्हाची संगणकी गणितं हे नुकसान कमी लेखत होती. रात्रीही उबदार असतील तर आणखी एक गळती सुरू होते: दिवसा कमावलेल्या साखरेतला मोठा वाटा झाड रात्री श्वसनातच खर्च करून टाकतं. आणि फुलोऱ्याच्या नेमक्या दोन-चार दिवसांत उष्णतेची लाट आली तर परागकण निकामी होतात, काही जागी दाणा धरतच नाही. ओंबी बाहेरून पूर्ण, हातात घेतली तर मध्ये मध्ये पोकळ.

तेव्हा सरासरी तापमान किती वाढलं यापेक्षा ते कोणत्या आठवड्यात वाढलं, हा प्रश्न गव्हासाठी महत्त्वाचा. नोव्हेंबरमधले दोन अंश आणि दाणा चिकात असतानाचे दोन अंश यांची तुलनाच नाही. २०२२ मध्ये ते दोन अंश नेमके चुकीच्या वेळी आले, सोबत पाऊसही जवळजवळ नव्हता. त्या मार्चमध्ये देशभरात सरासरीपेक्षा ७१ टक्के कमी पाऊस झाला. असा मार्च-एप्रिल हवामानबदलामुळे किती संभाव्य झाला, याचा हिशेब ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’ या शास्त्रज्ञांच्या गटाने मांडला. त्यांचं उत्तर: सुमारे तीस पट.

महाराष्ट्र आधीच काठावर

पंजाबात गव्हाचा उतारा हेक्टरी पाच टनांच्या जवळपास जातो. महाराष्ट्रात तो दोन टनांच्या आतबाहेर असतो. याचं खापर नेहमी पाण्यावर आणि जमिनीवर फोडलं जातं. ते निम्मं खरं. उरलेलं कारण अक्षांशाचं आहे. आपल्याकडे थंडीच आखूड. पंजाबचा गहू एप्रिलच्या मध्यावर कापायला येतो, आपला मार्चमध्येच. जे पंजाबला २०२२ मध्ये झालं, ते थोड्या प्रमाणात आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी होतच असतं, फक्त त्याची राष्ट्रीय बातमी होत नाही.

म्हणूनच इथल्या शिफारशींमध्ये तारखेला एवढं महत्त्व आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं सांगणं असं: बागायती वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. १५ नोव्हेंबरनंतर उशीर होत गेला तर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटतं. १५ डिसेंबरनंतर पेरूच नये. हा अडीच क्विंटलचा आकडा शेतकरी मेळाव्यांत इतक्या वेळा सांगितला जातो की तो गुळगुळीत झाला आहे. त्यामागचं कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं. पेरणी पंधरा दिवस पुढे गेली की दाणा भरण्याचे दिवस पंधरा दिवस मार्चच्या उन्हात ढकलले जातात, एवढंच ते कारण. हवामान तापत चाललं आहे याचा अर्थ असा की तारीख न चुकवताही आपण हळूहळू ‘उशिरा पेरणाऱ्यां’च्या रांगेत जाऊन उभे राहतो आहोत.

मग लवकर पेरा ना, असं शहरातून सांगणं सोपं आहे. सोयाबीन काढणीला येतं ऑक्टोबरमध्ये, आणि गेली काही वर्षं नेमका ऑक्टोबरमध्येच परतीचा पाऊस रेंगाळतो. सोयाबीन भिजतं, शेत वाफशावर यायला वेळ लागतो, काळ्या जमिनीत ट्रॅक्टर घालता येत नाही. त्यात ज्याच्याकडे पाणी आहे त्याला कांदा जास्त पैसे देतो, म्हणून चांगलं रान कांद्याला आणि उरलेलं गव्हाला. ऊस तुटल्यावर त्या रानात गहू करणारा तर डिसेंबरच्या आत पेरूच शकत नाही. कारखान्याची टोळी कधी येईल हे त्याच्या हातात नसतं.

आणि मग विजेचा प्रश्न. शेतीपंपाला रात्रीची पाळी असते तेव्हा दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जावं लागतं. गव्हाला पाणी कधी हवं याचं वेळापत्रक पक्कं आहे. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळं फुटताना पहिलं, मग फुटवे, कांडी, फुलोरा, चीक, दाणा भरताना. सगळी पाणी देणं शक्य नसेल तर काय करायचं, याचीही शिफारस आहे. एकच पाणी असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी. दोन असतील तर २० ते २२ आणि ६० ते ६५ दिवसांनी. कागदावर हे नीटनेटकं आहे. पण कालव्याचं आवर्तन आणि विजेची पाळी हे गव्हाच्या अवस्था पाहून येत नाहीत.

वाणांच्या बाबतीत महाराष्ट्राने पूर्वीपासून एक शहाणपण दाखवलं आहे. बाजारात ज्याला लोकवन म्हणतात तो लोक-१, गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेला. दाणा टपोरा, चपाती चांगली, आणि लवकर तयार होणारा. ऊन वाढायच्या आत आपलं काम संपवून मोकळा होणारा. त्यावर तांबेरा हा बुरशीचा रोग येतो हे माहीत असूनही लोक तो सोडत नाहीत. निफाडच्या केंद्राने उशिराच्या पेरणीसाठी निफाड ३४, वेळेवरच्या पेरणीसाठी त्र्यंबक, कमी पाण्यासाठी नेत्रावती आणि वेळेवर व उशिरा दोन्हींसाठी फुले समाधान असे वाण दिले. दुकानात बी घेताना बहुतेक जण ‘चांगलं कोणतं’ एवढंच विचारतात. त्याऐवजी ‘मी २८ नोव्हेंबरला पेरणार आहे, त्याला कोणतं’ असं विचारलं, तर त्याच पैशात फरक पडतो.

ऊन टळलं तर अवकाळी

२०२३ चा हंगाम उलट्या कारणासाठी लक्षात राहिला. त्या वर्षीचा फेब्रुवारी कमाल तापमानाच्या बाबतीत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. सगळे २०२२ च्या पुनरावृत्तीची भीती बाळगून होते. मार्चमध्ये मात्र ऊन बाजूला राहिलं आणि वादळी पाऊस व गारपीट आली. मध्य प्रदेश, राजस्थान, पंजाब, हरियाणा, महाराष्ट्र, सगळीकडे उभं पीक झोपलं.

भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात उत्तर भारतात पाऊस आणतात. तो पाऊस गव्हाला हवाच असतो. घोटाळा होतो तो हे झंझावात मार्चमध्ये उशिरा आले की. तोवर जमीन तापलेली असते, अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प येतं, वर थंड हवा आणि खाली गरम. ढग उंच चढतात आणि गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने हे सलग काही आठवडे सोसलं. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्ष, काहीच सुटलं नाही.

ओंबी भरलेली, माती ओली आणि वारा, या तीन गोष्टी एकत्र आल्या की गहू लोळतो. लोळलेल्या गव्हाची खालची पानं सावलीत जातात, दाणा भरणं थांबतं. हार्वेस्टरला ओंबी उचलता येत नाही आणि हाताने कापायला मजूर मिळत नाहीत. पक्व ओंबी चार दिवस ओल्या मातीत पडून राहिली तर दाण्याला तिथेच कोंब फुटायला लागतात. कोंब दिसला नाही तरी आत अमायलेज नावाचं विकर जागं झालेलं असतं आणि ते स्टार्चची साखर करू लागतं. अशा गव्हाचं पीठ मळताना हाताला चिकटतं, पोळी नीट भाजत नाही. दाण्याची चकाकी जाते ती वेगळीच. २०२३ मध्ये केंद्राने चकाकी गेलेल्या गव्हाच्या खरेदीसाठीही निकष सैल केले होते. खासगी व्यापारी निकष वगैरे सैल करत नाही, तो भाव पाडतो.

जास्त पावसाने गहू बुडतो हे फक्त आपलंच दुखणं नाही. २०१६ मध्ये फ्रान्समध्ये उबदार हिवाळा आणि त्यानंतर अतिपावसाचा वसंत आला आणि युरोपच्या त्या सर्वांत मोठ्या गहू उत्पादक देशाचं पीक सुमारे तीस टक्क्यांनी घटलं. २०१० मध्ये रशियात उष्णतेची लाट आणि दुष्काळ आला, ऑगस्टमध्ये रशियाने निर्यात बंद केली आणि जगभर भाव चढले.

तांबेरा आणि खपली

रोगांचं गणित सरळ रेषेत चालत नाही. पिवळ्या तांबेऱ्याला गारवा लागतो, त्यामुळे हवा तापली की तो मागे हटेल असं वाटतं. पण जास्त तापमानात टिकणारे त्याचे नवे प्रकार या शतकात पसरले आहेत. काळा आणि तपकिरी तांबेरा उबेतच वाढतात. आग्र्याचे शास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी गेल्या शतकात दाखवलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. तो डोंगराळ भागात तग धरतो आणि तिथून वाऱ्यावर परत येतो. दक्षिणेत काळ्या तांबेऱ्याचं ठाणं निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. म्हणून आपल्याकडे गहू तांबेऱ्याचं संशोधन महाबळेश्वरला होतं. स्ट्रॉबेरी खायला गेलेल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

इथे खपली या जुन्या प्रकारच्या गव्हाचा उल्लेख टाळता येत नाही. हल्ली खपली ‘पचायला हलका गहू’ म्हणून चढ्या भावाने विकला जातो, पण जगाच्या रोगशास्त्रात त्याचं नाव त्याआधी शंभर वर्षांपासून आहे. काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेतले रोगशास्त्रज्ञ स्टॅकमन यांनी बारा प्रमाणित गव्हांचा संच ठरवला. त्यातला एक ‘खपली’, याच नावाने. युगांडात सापडलेल्या युजी ९९ या धोकादायक तांबेऱ्याविरुद्ध चालणारा एसआर १३ हा जनुक खपलीतूनच मिळालेला. रोग बदलत राहणार असतील तर जुन्या वाणांचं बी जपणं ही हौस राहत नाही.

नवं संकट म्हणाल तर गव्हावरचा करपा, म्हणजे ब्लास्ट. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये पहिल्यांदा आढळलेला हा रोग २०१६ मध्ये बांगलादेशात आला आणि आठ जिल्ह्यांतलं सुमारे १५ हजार हेक्टर क्षेत्र त्याने गाठलं. निसवणीच्या वेळी उबदार आणि दमट हवा मिळाली की तो आठवड्याभरात ओंबी पांढरी करतो. पश्चिम बंगालमधल्या नदिया आणि मुर्शिदाबाद या सीमेवरच्या जिल्ह्यांत नंतर गहू पेरणंच काही वर्षं थांबवावं लागलं.

कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडांना बरंच ना?

हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, आणि प्रश्न चुकीचा नाही. हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त असला तर गव्हासारखं पीक जास्त साखर बनवतं, पाणीही थोडं कमी वापरतं. ज्वारी-मक्याला हा फायदा फारसा होत नाही, गहू-भाताला होतो. पण या शतकाच्या मध्यावर अपेक्षित असलेल्या पातळीचा वायू सोडून उघड्या शेतात जे प्रयोग झाले, त्यांचे एकत्रित निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले: गव्हातलं जस्त सुमारे ९ टक्के, प्रथिनं ६ टक्के आणि लोह ५ टक्के कमी. पिठूळपणा वाढला, कस उतरला. ज्या घरात रोजच्या प्रथिनांचा मोठा वाटा पोळीतूनच येतो, तिथे हे सहज सोडून देण्यासारखं नाही.

मग गहू वाढतोय कसा?

२०२४-२५ मध्ये सरकारी आकड्यानुसार देशात ११ कोटी ७९ लाख टन गहू झाला. तोपर्यंतचा विक्रम. हवामानबदल एवढा घातक असेल तर हे कसं, असं विचारणाऱ्याला उडवून लावण्यात अर्थ नाही.

एक तर नवे वाण, लवकरची पेरणी आणि सिंचन यांनी उतारा दरवर्षी थोडा वर ढकलला जातो आणि ऊन तो खाली ओढतं. दोन्ही एकाच वेळी चालू असतं. तापमानात एका अंशाची वाढ म्हणजे जगभरात गव्हाचं उत्पादन सुमारे ६ टक्क्यांनी कमी, हा वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा निघालेला अंदाज आहे. पण त्याचा अर्थ ‘नाहीतर जेवढं झालं असतं त्यापेक्षा सहा टक्के कमी’ असा. जे पिकलंच नाही ते कुणाच्या आकडेवारीत नसतं. दुसरं म्हणजे खरा त्रास सरासरीत नसून चढउतारात असतो. २०२१-२२ च्या हंगामात सरकारने ४३३ लाख टन गहू खरेदी केला होता, पुढच्या वर्षी १८८ लाख टन. त्यात युक्रेनच्या युद्धामुळे खासगी बाजारात भाव चढले होते हेही कारण होतं, सगळं खापर उन्हावर फोडता येणार नाही. पण एका वाईट मार्चची सावली लांब पडली: १ एप्रिल २०२४ ला सरकारी गोदामांत फक्त ७५ लाख टन गहू उरला होता, सोळा वर्षांतला नीचांक. आणि २०२२ ची निर्यातबंदी २०२५ मध्येही उठली नव्हती.

करता येण्यासारखं काय आहे

उत्तरेत सर्वांत मोठी आशा लवकर पेरणीवर आहे. त्यात एक अडचण अशी की ऑक्टोबरच्या उबेत पेरलेला गहू घाईने निसवतो आणि थंडीचा फायदाच घेत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने एचडी ३३८५ सारख्या वाणांत यावर उपाय शोधला आहे. थोडी थंडी मिळाल्याशिवाय हे झाड ओंबीकडे वळतच नाही. त्यामुळे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पेरलं तरी वाढ लांबते, आणि मार्च तापायच्या आत दाणा बराचसा भरून होतो. उष्णता सहन करण्यापेक्षा ती चुकवण्याची ही युक्ती मला जास्त भरवशाची वाटते.

पण पंजाबात ऑक्टोबरअखेर शेतात भात उभा असतो. भूजल वाचवण्यासाठी २००९ मध्ये तिथे कायदा झाला आणि भाताची लावणी जूनमध्ये ढकलली गेली. पाणी वाचवायचं तर ते योग्यच होतं. पण काढणीही पुढे गेली, गव्हासाठी दिवस कमी उरले आणि पेंढा पेटवण्याची घाई वाढली. उभ्या धसकटातच गहू पेरणारी हॅपी सीडरसारखी यंत्रं यासाठीच आली. नांगरट-कुळवणीचे दिवस वाचतात आणि पेंढ्याच्या आच्छादनाने जमीन थंड राहते.

पीक उभं असताना उष्णतेची लाट आली तर हातात फार थोडं उरतं. दाणे भरताना हलकं पाणी दिलं तर पिकातलं तापमान दोन-तीन अंशांनी उतरू शकतं, मात्र वारा नसताना, नाहीतर लोळण्याला आमंत्रण. कर्नालच्या गहू संशोधन संस्थेच्या सल्ल्यात पोटॅशियम नायट्रेटच्या २ टक्के फवारणीचा उल्लेख असतो. याने थोडा आधार मिळतो, उतारा परत येत नाही. ढगाळ, उबदार हवेत मावा वाढतो, त्याकडे लक्ष ठेवावं लागतं ते वेगळंच.

विम्याचं काय, हा प्रश्न यानंतर येतोच. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपीट झाली तर ७२ तासांत कळवायचं, मग शेतावर येऊन पाहणी, अशी तरतूद होती, कारण ती स्थानिक आपत्ती धरली जाते. उष्णतेची लाट त्या यादीत नव्हती. आडवा पडलेला गहू फोटोत दिसतो. पाच मिलिग्रॅमने हलका झालेला दाणा कुठल्याच फोटोत दिसत नाही. उन्हाने झालेली घट पकडायची तर ती पीक कापणी प्रयोगातच पकडली जाणार. म्हणजे महसूल मंडळात निवडलेल्या काही शेतांतला ठरावीक तुकडा कापून, मळून, वजन करून जो उतारा निघेल तो संपूर्ण मंडळाला लागू. त्यामुळे उशिरा पेरलेल्या एका शेताचा दाणा उन्हात चिमला आणि मंडळातल्या बाकीच्यांचा बरा भरला, तर त्या शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. आपल्या गावात कापणी प्रयोग कोणत्या गट नंबरच्या शेतात आणि कोणत्या दिवशी होणार, हे कृषी सहायकाकडून किंवा तलाठ्याकडून आधी विचारून घेता येतं. त्या वेळी शेतावर हजर राहता येतं, आणि वजनाचा आकडा तिथल्या तिथे पाहता येतो.